तेरची पांढर : जुनी वस्तू आणि मोलाची वस्तू

धाराशिव शहराच्या ईशान्येस सुमारे वीस किलोमीटरांवर, तेरणा नदीच्या काठी, तेर नावाचे गाव आहे. मराठवाड्यातील भाविक तेथे जातात ते गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन घेण्यासाठी. दर्शन झाले, नदीकाठी फराळाचे सोडून बसले, की बहुतेकांची यात्रा पूर्ण होते. त्याच गावात एक शासकीय वस्तुसंग्रहालय आहे हे पुष्कळांस ठाऊक असते, पण त्याची पायरी चढणारे थोडे. आज वाचकांस मी तेथे घेऊन जाणार आहे, आणि त्यास एक घरगुती कारण आहे.

मी शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून परिचित मंडळी मजकडे जुन्यापुराण्या वस्तू घेऊन येऊ लागली. ज्यास संस्कृत येते त्यास ताम्रपट, मोडी कागद, आणि फारसी अक्षरांची नाणीसुद्धा वाचता आलीच पाहिजेत, असा आपल्या समाजाचा एक भाबडा समज आहे. कोणी पणजोबांचे ताम्हन आणतो, कोणी देव्हाऱ्यातील झिजलेला टाक, कोणी फडक्यात बांधलेली पोथी. प्रश्न मात्र सर्वांचा एकच असतो: "हे किती जुने असेल, आणि याचे काय येतील?" हे दोन प्रश्न वस्तुतः एकच आहेत, असे विचारणारास वाटत असते. जितके जुने तितके मोलाचे, हा सरळ त्रैराशिकाचा हिशेब! कालिदासाने मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेत सूत्रधाराकडून या समजुतीची चांगली कानउघाडणी करविली आहे. पण तेथे वाद काव्याचा होता. वस्तूंच्या बाबतीत हा हिशेब कसा चुकतो ते तेरमध्ये प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता येते.

प्रथम तेर म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक माहितीपोथी लिहून ठेविली आहे. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर 'तगर' नावाचे फार मोठे नगर आहे, असे तीत सांगितले आहे. तगराहून जाडेभरडे कापड व नाना प्रकारच्या मलमली गाड्यांत भरून, मोठमोठे बिनरस्त्यांचे प्रदेश ओलांडून, भडोचेस नेत. दुसऱ्या शतकातील टॉलेमीही या नगराचा उल्लेख करतो. पुढे शिलाहार राजे कोकणात व कोल्हापुरात राज्य करीत असतानाही स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. राज्य कोठेही असो, आपला कुलाभिमान तगराचा!

परंतु हे तगर कोठे, हे कोणासच सांगता येईना. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर म्हटले. डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या साक्षेपी विद्वानाने धारूरकडे बोट दाखविले. अखेर १९०१ मध्ये फ्लीट या शिलालेखपंडिताने तगर म्हणजे तेर असे दाखवून दिले. प्राकृताचा थोडासा परिचय असलेल्या माणसास हे वाचून मौज वाटेल. दोन स्वरांमधला 'ग' प्राकृतात बहुधा गळतो, हा वररुचीच्या व्याकरणातील नियम विद्यार्थी घोकून पाठ करतात. तगराचे तयर, आणि तयराचे तेर. गावाच्या दोन अक्षरांत दोन हजार वर्षांचे नाव दडून बसले होते. त्यानंतर हेन्री कझिन्स हा पुराणवस्तुखात्यातील अधिकारी तेरकडे वळला आणि तेथील त्रिविक्रमाच्या देवळाची ओळख पटली. हे देऊळ मागल्या बाजूस अर्धवर्तुळाकार व वर गजपृष्ठासारखे आहे. कार्ले-भाज्याच्या लेण्यांतील चैत्यगृहाची ठेवण ज्याने पाहिली आहे त्यास ती येथे विटांनी बांधलेली दिसते. मुळात हा बौद्धांचा चैत्य असावा असे कझिन्सने मानले. मधल्या काळात देव बदलला, पूजा चालू राहिली, म्हणून भिंती राहिल्या. ओसाड पडलेले विटांचे बांधकाम आपल्या देशात किती दिवस टिकते, आणि त्याच्या विटा कोणाच्या गोठ्यास लागतात, ते खेड्यात राहिलेल्यास सांगावयास नको.

आता पांढरीची गोष्ट. शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी, हा आपल्या दक्षिणेतील जुना भेद आहे. ज्या जागी शेकडो वर्षे लोक राहिले तेथे चुलींची राख, शेणामातीच्या पडलेल्या भिंती, खापरे, हाडे असे थरावर थर साचून जमीन उंच होते व माती भुरकट पांढरी पडते. तेर असेच आपल्या पूर्वजांच्या उकिरड्यावर वसलेले आहे. गावाभोवती बैराग टेकडी, कोट टेकडी अशा टेकड्या आहेत. त्या देवाने घडविलेल्या नव्हेत, माणसांच्या वापराने वाढलेल्या आहेत. पाऊस जोराचा झाला म्हणजे माती वाहून जाते आणि मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, शिशाची नाणी, मातीची मुंडकी वर उघडी पडतात. शेकडो वर्षे ती अशीच पडत होती आणि पोरांच्या खेळण्यात जात होती.

त्यांकडे वेगळ्या दृष्टीने पाहणारा एक गृहस्थ तेरमध्येच निपजला. कै. रामलिंगप्पा लामतुरे हे त्यांचे नाव. गावातच राहून त्यांनी वर्षानुवर्षे या वस्तू जमा केल्या. त्यांची संख्या हजारोंच्या घरात गेली. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील डग्लस बॅरेट यांनी तेरवर १९६० मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले, तेही या संग्रहाच्या आधाराने. पुढे हा संग्रह शासनाच्या स्वाधीन झाला आणि लामतुरे यांच्याच नावाचे संग्रहालय तेथे उभे राहिले. माझ्या मते लामतुरे यांची खरी थोरवी जमविण्यात नाही. जमविणारे पुष्कळ असतात. त्यांनी तेरच्या वस्तू तेरमध्ये ठेविल्या, ही थोरवी होय. ती का, ते त्या संग्रहातील एका लहानशा मूर्तीवरून कळेल.

ही मूर्ती हस्तिदंताची आहे. उभी स्त्री, अंगावर भरपूर अलंकार. उंची वीतभरही नाही. सोन्याच्या पेढीवर नेली तर वजनाने तिचे काहीच यावयाचे नाही. पण तिची एक जवळची नातलग इटलीत आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीचा स्फोट होऊन पाँपेई नगर राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ मध्ये खोदकाम चालू असताना एका घरात हस्तिदंताची हिंदी घडणीची स्त्रीमूर्ती सापडली. त्या घरासच पुढे 'हिंदी मूर्तीचे घर' असे नाव पडले. मूर्ती सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीची असून नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पहिल्यांदा तिला लक्ष्मी म्हटले. यक्षी म्हणणे अधिक योग्य, असे आता बरेच पंडित मानतात. डोक्यावर उभे छिद्र असल्यामुळे ती एखाद्या लहान चौरंगाचा पाय अथवा आरशाची मूठ असावी असा तर्क आहे. म्हणजे मुळात ती एखाद्या सुखवस्तू रोमन घरातील सामानाचा भाग होती.

आता या दोघी बहिणींची तुलना पाहा. पाँपेईची मूर्ती केव्हाची, यात शंकेला जागा नाही. ७९ नंतरची ती असूच शकत नाही, राखेनेच तसे लिहून दिले आहे. पण ती कोठली? आरंभी मथुरेचे नाव घेतले गेले. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील अक्षर कोरलेले असल्यामुळे काहींची दृष्टी वायव्येकडे गेली. तेरची मूर्ती कोठली, यात शंका नाही, कारण ती तेरच्या मातीतून निघून तेरमध्येच राहिली. पण ती अमुक थरातून, अमुक नाण्याशेजारी निघाली अशी नोंद नसल्यामुळे ती केव्हाची, हे तिला स्वतःला सांगता येत नाही. एकीस काळ आहे, स्थळ नाही. दुसरीस स्थळ आहे, काळ नाही. दोघी शेजारी ठेविल्या म्हणजे एकमेकींची उणीव थोडीफार भरून काढतात. पुढे जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात अशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा एक भाग मिळाला, आणि पाँपेईच्या बाईचे माहेर दक्षिणेत, तेर-भोकरदनच्या बाजूस असावे, या मतास बळ आले. वाद अद्याप मिटलेला नाही. न का मिटेना. पण कल्पना करा, की तेरची ती मूर्ती एखाद्या फिरत्या व्यापाऱ्याने शेदोनशे रुपयांना उचलली असती आणि ती चार हात फिरून परदेशी एखाद्या श्रीमंताच्या कपाटात जाऊन बसली असती. हस्तिदंत तोच, कारागिरी तीच, वयही तेच. लिलावात पैसे भरपूर आले असते. परंतु 'दक्षिण हिंदुस्थानातील असावी' एवढीच चिठ्ठी तिच्या पायाशी राहिली असती, आणि पाँपेईच्या प्रश्नात तिची साक्ष कोणी घेतली नसती.

वस्तूचे मोल साक्षीत आहे, हे मी येथे शिकलो. न्यायालयात साक्षीदार म्हातारा आहे एवढ्यावरून त्याचा शब्द मानीत नाहीत. तू त्या वेळी कोठे होतास, शेजारी कोण होते, असे विचारतात. जुन्या वस्तूसही हेच विचारावयाचे असते.

संग्रहालयात आणखी एक गमतीचा प्रकार आहे. रोमन बादशहांच्या सोन्याच्या नाण्यांचे छाप मातीत उठवून केलेल्या चकत्या तेरला मिळाल्या आहेत. दागिना म्हणून गळ्यात घालावयाच्या. म्हणजे नकलाच की! रोमन मोहर पदरी नसलेल्या कोण्या तगरवासिनीने हौस मातीवर भागविली असेल. पण ही नक्कल दोन हजार वर्षांपूर्वी, फसविण्याच्या हेतूशिवाय झाली, आणि रोमन नाणे या गावी किती ओळखीचे होते ते ती सांगते. म्हणून ती मोलाची. आज कोणी तशीच चकती करून चिंचेच्या पाण्यात व उकिरड्यात चार महिने पुरून ठेवील, तर ती नुसती लबाडी. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतील. पितळेच्या नव्या मूर्ती अशाच काळ्या-हिरव्या करून जुन्या म्हणून विकण्याचा धंदा मोठ्या शहरांतून चालतो. मूर्ती किती झिजली आहे यापेक्षा कोठे झिजली आहे ते पाहावे. खऱ्या पूजेत नाक, कपाळ, गुडघे, जेथे रोज गंध लागते व हात फिरतो, ते झिजते. खोटी मूर्ती सर्वांगाने सारखीच म्हातारी होते. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून कोणते मडके कच्चे ते सांगितले, अशी कथा आहे. असे थापटणे वस्तूंच्या बाजारात मिळत असते तर पुष्कळांचे पैसे वाचले असते.

वयाचा हिशेब चुकतो तो नाण्यांत सर्वांत अधिक. सातवाहनांच्या काळची शिशाची व हलक्या धातूची नाणी तेरसारख्या ठिकाणी पुष्कळ निघतात. वय दोन हजारांच्या आसपास, पण एकेका सुट्या नाण्यास बाजारात फारशी किंमत नसते. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन साडेतीनशे वर्षांचा. परंतु आज शिल्लक असलेले होन इतके थोडे, की एखादा मिळाला तर वर्तमानपत्रात बातमी व्हावी. तांब्याची शिवराई मात्र घरोघर सापडते, कारण तिचे पाडणे महाराजांनंतरही चालूच राहिले. पेशवाईतील दुदांडी शिवराईचे तर ढीग आहेत. "शिवराईस लाखो रुपये मिळतात" अशा ज्या वार्ता हल्ली भ्रमणध्वनीवरून फिरतात त्या ऐकून गावोगावची भाबडी माणसे आगाऊ 'नोंदणी फी' भरून बसतात. विकत घेणारा विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागतो, हे ऐकूनच खरे म्हणजे सावध व्हावयास पाहिजे. आमच्या या भागात, निजामाच्या राज्यामुळे, चारमिनारचे चित्र असलेला हाली रुपया पुष्कळ जुन्या घरांत निघतो. १९४८ मध्ये ते राज्य गेले, पुढे ते चलनही गेले, रुपया राहिला. त्याची किंमत बहुधा चांदीच्या भावानेच होते, क्वचित एखाद्या सालाचा अपवाद.

पोथ्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या मासिकाच्या वाचकांच्या घरी अद्याप माळ्यावर एखादे बासन असण्याचा संभव आहे. पोथीचे मोल पाहावयाचे तर आधी शेवटचे पान काढावे. ग्रंथ संपल्यावर लेखक शक, संवत्सर, तिथी, गावाचे नाव, स्वतःचे नाव आणि कोणासाठी लिहिले ते नोंदवितो. यास पुष्पिका म्हणतात. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून मला जपा, अशी विनंतीही पुष्कळदा पोथीच्याच तोंडून केलेली असते. शकात अठ्ठ्याहत्तर मिळविले की इसवी सन येतो, वर्षअखेरच्या महिन्यांत एकोणऐंशी. यातही एक खुबी आहे. नक्कल करणारा भाविक मूळ प्रतीची पुष्पिकाही डोळे मिटून उतरवून घेतो. मग पोथी शंभर वर्षांची आणि शक तीनशे वर्षांपूर्वीचा, असे होते. तेव्हा कागद, शाई, अक्षराचे वळण यांची साक्ष शकाशी जुळते की नाही ते पाहावे लागते. शिवाय ग्रंथ कोणता, हे आहेच. गीतेच्या अगर गुरुचरित्राच्या प्रती असंख्य. एखाद्या अपरिचित टीकेची चार सुटी पाने त्यांहून अभ्यासकास अधिक प्रिय. माझ्या परिचयातील एका घरी वाटणीच्या वेळी पोथ्या तीन भावांनी संख्येने सारख्या वाटून घेतल्या. एका मोठ्या ग्रंथाचे पूर्वार्ध-उत्तरार्ध दोन गावी गेले आणि पुष्पिकेचे पान कोणाकडेच निघाले नाही. भांडी वाटावी तशी पोथी वाटली. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ पासून असे ग्रंथ सांभाळीत आहेत. घरी वाचणारा कोणी उरला नसेल तर पोथी पूर्ण असतानाच अशा ठिकाणी द्यावी.

गृहिणींस एक विनंती. जुने तांब्या-पितळेचे नाणे अथवा कोरीव लेख असलेले भांडे चिंच, लिंबू किंवा राख लावून लख्ख करू नये. रोजचे ताम्हन अवश्य घासावे, ते त्याचसाठी आहे. पण नाण्यावर धरलेला हिरवट-तपकिरी थर हे त्याचे पांघरूण असते. ते खरवडले की खालची अक्षरेही जातात, आणि जाणता माणूस ते हातातही धरीत नाही.

कायद्याचे म्हणणे थोडक्यात असे. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूस, आणि शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन महत्त्वाच्या हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षांनंतर, पुरावस्तू मानले आहे. घरी ठेवण्यास बंदी नाही; दगडी-धातूच्या मूर्ती, सचित्र पोथ्या अशा ठरावीक प्रकारांची नोंद करावी लागते; पुरावस्तूंचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही, आणि खासगी माणसास त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. जमिनीत पुरलेले धन सापडल्यास १८७८ पासूनच्या कायद्याप्रमाणे, दहा रुपयांहून अधिक किमतीचे असले तर, जिल्हाधिकाऱ्यास कळविणे प्राप्त आहे. दहा रुपयांची ही मर्यादा मोठी मौजेची वाटते, पण ती अद्याप तशीच आहे.

पुनः तेरकडे वळू. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट संग्रहालयात ठेविली आहे, ती पाहिल्यावाचून परत येऊ नये. आपल्या हवेत लाकूड इतकी शतके टिकावे हेच नवल. त्यात तिचे देऊळ ठाऊक, गाव ठाऊक. तिच्यासमोर उभा असता मला आमच्या भागातील पडलेल्या वाड्यांच्या चौकटी आठवल्या. त्या शहरांतील उपाहारगृहांच्या भिंतींवर शोभेस लागल्या आहेत. कोणत्या गावच्या, कोणत्या वाड्याच्या, हे तेथील मालकास ठाऊक नसते आणि आपणांसही विचारण्याची सोय नसते. तेरच्या विटाही पाहाव्यात. काही इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात. कालवलेल्या मातीतील तूस भट्टीत जळून गेले की वीट आतून सच्छिद्र होते, असे त्याचे कारण सांगतात.

तेरच्या टेकड्यांत १९५८ मध्ये चापेकरांच्या देखरेखीखाली शास्त्रीय उत्खनन झाले, पुढेही काही वेळा झाले. थराथराने माती काढावयाची, प्रत्येक वस्तू कोणत्या थरात व कशाच्या शेजारी मिळाली ते टिपावयाचे, अशी ती रीत. एका ऋतूत चारदोन खड्डे होतात, आणि पाहणारास वाटते की हे लोक वेळ काढीत आहेत. परंतु लामतुऱ्यांच्या मूर्तीस जे सांगता आले नाही ते याच रीतीने सांगता येते.

उघड्या टेकड्यांची माती आतापर्यंत पावसाने नेली, आणि पांढरीची माती पिकास चांगली म्हणून गाडीगाडीने शेतांतही गेली. दक्षिणेतील बहुतेक जुन्या पांढरींची हीच कथा आहे. जो भाग राहत्या घरांखाली आहे तो त्या मानाने सुरक्षित, कारण घर उभे आहे तोवर तेथे कोणी खणीत नाही. पण आता मातीची घरे पाडून सिमेंटची होत आहेत, आणि त्यांच्या खांबांचे खड्डे पुरुषभर खोल जातात. अशा खड्ड्यात उतरून पाहिले तर बाजूच्या उभ्या भिंतीत राखेचा काळा पट्टा, त्याखाली विटांची ओळ, त्याखाली खापरांचा थर, असे स्पष्ट दिसते. हे दृश्य दोन-तीन दिवसच उघडे असते. गावच्या शाळेतील एखाद्या शिक्षकाने तेवढ्यात जाऊन खोली मोजली, छायाचित्र घेतले, आणि निघालेला मणी कोणत्या पट्ट्यातला ते चिठ्ठीवर लिहून संग्रहालयात पोहोचविला, तर घरमालकाचे काम एक दिवसही अडत नाही. नाहीतर चौथ्या दिवशी त्यात खडी पडते.